चढावरचा एडका

माणसं अजून मेंढरांचं ऐकत होती, तेव्हाची गोष्ट. शिंगाड्या एडक्यानं साऱ्या टकरी आपल्याच मेंढवाड्यापुढं जिंकल्या. घरच्या एडक्यानं वर चढावर उभं राहायचं आणि पाहुण्यानं खाली उतारावर, असा तिथला रिवाजच होता.

म्हातारपणी तो गिरजी मेंढीला म्हणाला, “एकदाही हरलो नाही बघ!”

“हरशील कसा, मेल्या? चढ तुझ्या बाजूनं होता.”

शिंगाड्याला रवंथ गोड लागेना. पुढच्या टकरीला तो आपणहून उतारावर उभा राहिला आणि पहिल्याच धडकेत खालच्या ओढ्यात जाऊन पडला.

चिखलानं माखून वर आला नि म्हणाला, “पाहुणा लई जोराचा आहे गं!”

“जोर त्या चढाचा आहे,” गिरजी म्हणाली. “तुझा बघायचा तर ओढ्यापलीकडं सपाट माळ आहे. पण तरणा होतास तेव्हाच जायचं होतंस.”