नंदादीपातले एरंडेल

मंडळी, रॉकेलच्या चिमण्या गावात यायच्या आधीची ही गोष्ट. तेव्हा गोरगरिबांच्या घरी एरंडेलाचे दिवे जळत. हिवाळ्यात हिवरवाडीत पाऊल टाकले, की साळू तेलिणीच्या अंगणातून एरंडेल कढल्याचा उग्र वास येई. आज तो वास कुठे राहिला! त्याच गावाच्या ओढ्याकाठी, चिंचेखालच्या मठीत निर्मळनाथ महाराजांचा मुक्काम होता.

साळूला मूलबाळ नव्हते, धनीही गेलेला. एरंड्या भाजायच्या, कुटायच्या, पाण्यात उकळायच्या, वर तरंगलेले तेल हलक्या हाताने काढून घ्यायचे आणि पहिली पळी मठीतल्या नंदादीपात ओतायची, हा तिचा नेम. धनी गेला त्या दिवसापासून बारा वर्षे तिने तो दिवा विझू दिला नव्हता. घरातले माणूस तिथे जागे आहे असेच तिला वाटे.

दामोदरशास्त्री वैद्यांना याचे भारी हसू येई. सोन्यामोत्याच्या मात्रा उगाळणारा माणूस! चारचौघांत ते म्हणत, "अगं साळू, देवाला एरंडेल? त्याला काय जुलाब द्यायचाय?" लोक खो खो हसत. साळू खाली मान घालून वात सारी.

भादव्यात शास्त्रीबुवांची पाच वर्षांची नात वेणू पोट फुटेस्तोवर कच्चे पेरू खाऊन बसली. चार दिवस पोट साफ होईना. पोट नगाऱ्यासारखे ताठ, पोर कळवळतेय. सगळ्या मात्रा देऊन झाल्या. "एरंडेलच हवं," शास्त्री शेवटी पुटपुटले. पण गावंढळ औषध म्हणून ते त्यांनी घरात कधी ठेवलेच नव्हते! रानातल्या एरंड्या अजून हिरव्या, साळूचे मडके कोरडे ठणठणीत, गोरगरिबांचे दिवेही तेलावाचून बंद. गावात एरंडेल उरले होते ते फक्त नंदादीपात.

दिवेलागणीला नातीला खांद्यावर घेऊन शास्त्री मठीत आले, तेव्हा साळू नंदादीपाची वात सारत होती. महाराज म्हणाले, "माझ्याकडे काय बघतोस? दिवा तिचा आहे. तिला माग."

शास्त्रींनी कळवळणारी पोर साळूपुढे केली. साळूने दिव्याकडे पाहिले. बारा वर्षांचा दिवा! "महाराज, इझंल हो माझा दिवा," ती रडवेली होऊन म्हणाली. तेवढ्यात पोर पुन्हा किंचाळली.

"जळो मेला माझा नेम!" म्हणत साळूने दिव्यातले सगळे तेल पळीने उपसले. थोडे वेणूच्या बेंबीभोवती चोळले, उरलेले सुंठीच्या कोमट पाण्यातून पाजले. दिव्याकडे मात्र तिला वळून बघवेना.

महाराज डोळे मिटून नाम घेत राहिले. घटकाभराने वेणू उठून बसली. "आजोबा, परसाकडे!" शास्त्री तिला उचलून धावत सुटले. परत आली ती हसत, भाकरी मागत!

"साळूबाई, आता बघ तिकडे," महाराज म्हणाले.

साळू वळली. दिव्यात तेलाचा थेंब नव्हता आणि ज्योत तशीच तेवत होती!

"तू लेकरू सांभाळलंस माय, तुझा दिवा देवानं सांभाळला," महाराज म्हणाले.

शास्त्री महाराजांच्या पायांवर कोसळले. महाराजांनी पाय मागे घेतले. "इथं नको. तिथं."

आणि शास्त्री साळूपुढे वाकले. "अगं बाई, उठा ना शास्त्रीबुवा!" ती बिचारी ओशाळून गेली.

नवे तेल निघेपर्यंत दिवा तसाच कोरडा जळला. पौषात साळूच्या अंगणात एरंड्या कुटायला शास्त्रीबुवा स्वतः बसले. पहिली पळी त्यांनीच मठीत नेली. "साळूबाई, ओतू का?" असे विचारून, तिने मान हलवल्यावरच त्यांनी ती दिव्यात ओतली, आणि तिथेच डोके टेकले.