काळ्या तोंडाच्या तोफा

श्रोतेहो, जो दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहतो, त्याला तुम्ही डोळस म्हणाल काय?

फार पूर्वी एका तरुण राजाला उपराजा नेमायचा होता. योग्य माणूस शोधण्याचे काम त्याने एका वृद्ध सरदाराकडे सोपवले. सरदार चाळीस दिवस राज्यभर फिरला आणि परतून म्हणाला, "महाराज, माझ्याहून योग्य कोणी आढळला नाही."

राजा हसला आणि त्याने त्यालाच नेमले.

उपराजा कष्टाळू होता, बुद्धिमान होता. पण मनात शंका आली की तो तिलाच पुरावा म्हणे. हळूहळू राजमुद्रा त्याच्या बोटात आली. राजाच्या कानी तेवढेच पडू लागले, जेवढे तो पडू देई.

एके दिवशी एक हेर उपराजाला म्हणाला, "नदीपलीकडच्या राज्यात एका गुहेत काळी, गोल तोंडे ओळीने दिसली. तोफा असतील, पण लांबून खात्री होत नाही."

उपराजाने हेराचा 'पण' गाळला. राजाला सांगितले, "तोफाच आहेत."

युद्धाची तयारी सुरू झाली.

तेव्हा देवघरात हार देणारी माळीण राजापुढे उभी राहिली. "महाराज, लेकीला हळद लागली आहे. उद्या लग्न, आणि जावई पैलतीरीचा. माझ्या लेकीची हळद पुसू नका."

"पण बाई, त्या तोफा?"

"आपण पाहिल्यात?"

राजाने उपराजाकडे पाहिले.

उपराजा म्हणाला, "पाहायचे काय त्यात? मी जाणतो."

माळीण म्हणाली, "मग चला, महाराज. देवाने डोळे दिलेत, ते काही हारात ओवायला नव्हेत!"

राजा उपराजाला घेऊन माळिणीबरोबर नावेत बसला. गुहेच्या तोंडाशी नवऱ्या मुलाचा बाप उभा होता.

"यावे महाराज! अक्षत मिळण्याआधीच आलात, म्हणजे घरचेच झालात."

राजाने आत बोट दाखवले. म्हातारा हसत हसत एक तोफ लोटत बाहेर घेऊन आला. ती लग्नाच्या स्वयंपाकाची कढई होती. घासून, आडवी करून सुकत ठेवलेली.

"तोंडे काळी आहेत खरी," म्हातारा म्हणाला, "पण पोटे निर्मळ आहेत."

राजा मोठ्याने हसला. दुसऱ्या दिवशी रणनगारे लग्नात वाजले आणि सैनिक वऱ्हाडी होऊन जेवले. राजाने राजमुद्रा काढून घेतली आणि उपराजाच्या हाती पळी दिली. त्याच कढयांतून त्याने दोन्ही तीरांच्या पंगती वाढल्या.

बोध हाच की, ईश्वर असत्य बोलणाऱ्याची जीभ छाटत नाही. तिच्यावरचा विश्वास काढून घेतो.

उपराजा पुढे पुष्कळ वर्षे जगला. सकाळी तो म्हणे, "छान ऊन पडले आहे." शेजारीण अंगणात जाऊन वर पाही, आणि मगच वाळवण घाली.