न फुटणारा थवा

माणसं आकडे मोडायला शिकली, त्याच्या फार आधीची ही गोष्ट.

तळ्यावर दोन हजार पाचशे वीस करकोचे राहत. थवा फोडून शिकार करायला टपलेला कोल्हा म्हणाला, "सारखे गट करा आणि वेगवेगळ्या तळ्यांवर जा. मासे पुरतील."

करकोच्यांना ते पटलं. पण कुणी एकटं मागे उरलं, तर थवा उडत नसे.

सकाळी दोन गट केले, एक उरला. तीन केले, तरी एक उरला. थेट दहापर्यंत तेच! कोल्ह्याने पन्नासापर्यंत गट पाडून पाहिले, सारखे होईचनात.

"काल मोजलं तेव्हा दोनपासून दहापर्यंत कसेही सारखे गट पडत होते!" तो थक्क होऊन म्हणाला.

म्हाताऱ्या करकोचीने पंख उचलला. खाली ओलं पिल्लू थरथरत होतं.

"काल हे अंड्यात होतं," ती म्हणाली.