खिंडीतले शिंपले

घाट चढून खिंडीत आलं, की डाव्या हाताला दोन सपाट दगड लागतात. एकावर वाटसरू टेकतात, दुसऱ्यावर शिंपल्यांचा ढीग आहे. समुद्र तर इथून दिसतही नाही. "इथं पूर्वी समुद्र होता का?" असं फोटो काढता काढता लोक विचारतात. नव्हता, असं वस्तीवरचे म्हातारे बिरू कोकरे जरा तुटकपणेच सांगतात, आणि मग बसून घेतात.

फार पूर्वी, म्हणे, दिवाळी सरली की कोकणातला भिवा बैलांवर मीठ लादून वर यायचा आणि देशावरचा सिदोजी जोंधळा घेऊन इथवर यायचा. मालाची अदलाबदल उरकली, की दोघं या दगडांवर बसून आपापल्या मुलखाचं कौतुक करत. सिदोजीनं काळ्या मातीचं, हुरड्याचं इतकं वर्णन केलं, की एका थंडीत भिवा त्याच्या शेतावर जाऊन राहिला. बोटं भाजेस्तोवर हुरडा खाल्ला आणि असं सुख आमच्याकडे नाही, असं मोकळेपणानं बोलून गेला.

सिदोजीला मात्र तेवढं मोठं मन दाखवता आलं नाही.

"दर्याक पलीकडचो काठच नाय," भिवा सांगायचा. "एकदा येवन तर बघ."

"काठ नसलेलं पानी आसतं व्हय? थापा मारू नगंस!"

एकदा भिवानं मुद्दाम शंख आणून त्याच्या कानाला लावला. आतली गाज ऐकून सिदोजीच्या अंगावर काटा आला. त्याला पटलंही. पण कबूल केलं तर आपला मुलूख खुजा ठरेल, या हट्टापायी तो "वारं हाय" म्हणून हसला. भिवाचा चेहरा पडला. तरी निघताना त्यानं पुन्हा आवतण दिलंच. सिदोजी दर वर्षी मान डोलवायचा आणि दर वर्षी टाळायचा.

मग एका वर्षी मिठाचे बैल घेऊन भिवाची बायको जानकी आली, सोबत दीर. भिवा पावसाळ्यात तापानं गेला होता. जानकीनं बोल लावला नाही. एवढंच म्हणाली, "दर वर्सा खळा सारवून घेयत. म्हणत, औंदा माझो मैतर येतलो."

सिदोजी त्याच बैलांमागून घाट उतरला. ते सारवलेलं अंगण त्यानं पाहिलं, मग किनारा गाठला. नजर जाईल तिथवर पाणीच पाणी. वाळूत बसून तो पोरासारखा रडला, असं सांगतात.

परतताना त्यानं ओंजळभर शिंपले भिवाच्या दगडावर ठेवले. "न्हाई रं भिवा, काठ न्हाई," तो म्हणाला. "तुजं खरं हुतं."

आजही या खिंडीत कुणी आपल्या गावाचं कौतुक करू लागलं, तर त्याला खोटं पाडत नाहीत. कधी येऊ, तेवढं विचारतात. आणि देशावरचा माणूस समुद्र पाहून परतला, की भिवाच्या दगडावर शिंपला ठेवतो, मोठ्यानं "तुजं खरं हुतं" म्हणतो, आणि उत्तर यायचं नाही हे ठाऊक असूनही सिदोजीच्या दगडावर घटकाभर बसून राहतो.