बंद खोलीतली ओल

एकदा एक वृद्ध सुतार डोंगराळ, पावसाळी मुलखातल्या एका गावी राहत होते. देवळांचे मंडप आणि घरांच्या माड्या उभारण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. उतारवयात त्यांनी नवी कामे घेणे सोडले आणि उभी असलेली घरे उभी कशी राहतील, एवढेच पाहणे पत्करले. गावातले लहानथोर त्यांना बाबा म्हणत. त्यांच्यापाशी विश्राम नावाचा एक शिष्य होता. तो आता पोरसवदा राहिला नव्हता. त्याचा हात बसला होता, लोक त्याला नावाने ओळखू लागले होते, आणि एखादे काम हाती घेतले की ते देखणे करूनच तो उठत असे.

त्याच गावात धान्याचा एक व्यापारी होता. पेठेच्या टोकाला त्याने स्वतःच्या कमाईतून दुमजली घर बांधले होते. खाली कोठार, वर राहती जागा. वरच्या मजल्यावर लाकडी फळ्यांची जमीन असलेले एक ऐसपैस दालन होते. एका पावसाळ्याच्या अखेरीस त्या दालनाच्या कोपऱ्यात पाऊल टाकले की जमीन दबते आहे, असे घरच्यांच्या ध्यानात आले. व्यापाऱ्याने बाबांना बोलावणे धाडले. बाबा त्या वेळी परगावी होते, म्हणून विश्राम एकटाच गेला.

त्याने फळी उचलली आणि तो चकित झाला. वाळवी म्हणावी, तर मातीच्या नळ्या कुठे दिसत नव्हत्या. भुंगा म्हणावा, तर छिद्रे नव्हती. लाकूड गडद तपकिरी पडले होते, उभ्याआडव्या भेगांनी त्याचे लहान लहान चौकोन झाले होते, आणि चिमटीत धरताच एकेका चौकोनाची भुकटी होत होती. हाताला मात्र ते अगदी कोरडे लागत होते.

"शेटजी, ही फळी मुळातच निकस असणार," विश्राम म्हणाला. "सुकून सुकून तिचा जीव गेलाय. कोपरा नवा करून देतो."

त्याने कोपऱ्यातल्या साऱ्या फळ्या काढल्या, नव्या बसवल्या, रंधा मारून तेलपाणी केले. जुने कुठे संपते आणि नवे कुठे सुरू होते हे सांगता येऊ नये, इतके ते काम साफ झाले. व्यापाऱ्याने जमिनीवरून तळवा फिरवला आणि तो प्रसन्न झाला.

पुढचा पावसाळा सरला. दिवाळीची साफसफाई चालू असताना व्यापाऱ्याची पत्नी पाण्याची घागर घेऊन दालनातून चालली होती. त्याच कोपऱ्यात तिच्या पायाखालची फळी मोडली आणि तिचा पाय मांडीपर्यंत खाली गेला. खाली कोठाराची फरसबंदी होती. तिने तुळईला मिठी मारली म्हणून ती वाचली; पण पाय घोट्यापासून पिळवटून निघाला आणि तिला अंथरूण धरावे लागले.

या खेपेस बाबा स्वतः आले. सोबत विश्राम होता. व्यापारी जिन्यातच उभा होता.

"तुमच्या शिष्यानं बसवलेली फळी एका पावसाळ्यापुढे टिकली नाही," तो म्हणाला. "आमची ही खाली कोसळली असती तर मी काय करायचं होतं?"

विश्रामची मान खाली गेली. बाबा म्हणाले, "तुमचा राग योग्य आहे, शेटजी. आधी मला पाहू द्या."

ते गुडघ्यांवर बसले. मोडलेल्या फळीचा तुकडा त्यांनी नाकाशी धरला, भेगांमध्ये पटाशीचे टोक घालून पाहिले. विश्रामने बसवलेली नवी फळीही आता तशीच तपकिरी झाली होती, तिचेही तसेच चौकोन पडले होते. मग ते बसल्या बसल्या भिंतीकडे सरकले. भिंतीच्या तळाशी गिलाव्याच्या फटीतून पांढऱ्या तंतूंची एक पुसट जाळी बाहेर आली होती. कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसणारी, पण भिंतीला घट्ट चिकटलेली. बाबांनी तिच्यावर बोट ठेवले.

"या भिंतीपलीकडे काय आहे?"

"काही नाही," व्यापारी म्हणाला. "एक खोली आहे. वापरात नाही."

खोलीच्या दाराला पितळी कुलूप होते. बाबा उठून दारापाशी गेले. त्यांनी उंबऱ्याशी वाकून वास घेतला. रानात पावसाळ्यानंतर अळंबी उगवते तिथे येतो तसा वास आतून येत होता.

"शेटजी, हे दार उघडावं लागेल."

"त्या खोलीचा या कामाशी संबंध नाही. तुम्ही दालनाचं तेवढं करा. लागेल ते लाकूड आणवतो."

"दार उघडल्याशिवाय दालनाचं काम होणार नाही."

"मग अर्धं करा. पण ती खोली उघडायची नाही."

बाबांनी पटाशी पुसून पिशवीत ठेवली आणि विश्रामला म्हणाले, "हत्यारं आवर. इथे आपल्याला काम नाही."

विश्रामला काही कळेना. समोर भगदाड होते, घरात पाय अधू झालेली बाई होती, यजमान लाकूड द्यायला तयार होता. आणि दुरुस्तीचे काम जन्मभर कधी न नाकारलेला हा माणूस निघून चालला होता. तरी त्याने मुकाट्याने हत्यारे गोळा केली.

ते जिन्याकडे वळले तेव्हा शेजारच्या खोलीतून व्यापाऱ्याच्या पत्नीचा आवाज आला.

"बाबा, थांबा जरा."

ती अंथरुणावर उठून बसली होती. तिने नवऱ्याला आत बोलावले नाही. अंथरुणावरूनच, सर्वांना ऐकू जाईल असे ती बोलली.

"त्या खोलीत आमची मुलगी राहायची. तापानं गेली. त्या दिवशी यांनी कुलूप घातलं ते आजतागायत काढलेलं नाही. मलासुद्धा आत जाऊ दिलं नाही."

"तिचं सगळं जसंच्या तसं राहावं म्हणून," व्यापारी म्हणाला. त्याचा आवाज एकदम उतरला होता. "तिनं ठेवलं तसं. कुणाचा हात लागला की ते बदलणार. मग माझ्यापाशी तिचं काय उरेल?"

"आणि माझ्यापाशी काय उरलंय?" ती म्हणाली. "मी रोज त्या दारावरून जाते, अहो. परवा त्या दारासमोरच खाली जात होते. उघडा आता."

व्यापारी कुलपापाशी गेला. मग त्याने कमरेची किल्ली काढली.

कुलूप निघाले, पण दार हलेना. फुगून चौकटीत आवळले होते. विश्रामने खांदा लावला तेव्हा ते कुरकुरत उघडले, आणि आतला कोंदट वास दालनभर पसरला.

खोलीत सगळे जागच्या जागी होते. लहान पलंग, खुंटीवरचे परकर, कोनाड्यातल्या बांगड्या, भिंतीला टेकवलेली बाहुल्यांची पेटी. आणि या सगळ्यावर विटेच्या रंगाची मऊ भुकटी बसली होती. पलीकडच्या भिंतीवर, छताच्या खाली, एक पसरट पोळीएवढी अळंबी वाढली होती, मध्ये गंजासारखी तांबूस आणि कडेला पांढरी; ती भुकटी तिच्यातूनच झडत होती. तिच्यापासून निघालेले तंतू भिंतीवरून खाली उतरले होते, जमिनीच्या कडेने फिरले होते आणि दालनाच्या बाजूच्या भिंतीत शिरले होते. व्यापाऱ्याने पुढे होऊन बाहुल्यांच्या पेटीचे झाकण धरले. ते त्याच्या बोटांत चुरा होऊन आले.

"मी तर काहीच हलवलं नव्हतं," तो म्हणाला.

बाबांनी खिडकीपाशी जाऊन तावदाने ढकलली. एक उघडले, दुसरे बिजागरीतून निखळून बाहेर पडले. उजेड आत आला.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झाले. बाबा आधी लाकडाकडे गेलेच नाहीत. त्यांनी विश्रामला छपरावर चढवले. त्या खोलीवरच्या पन्हळीत वर्षानुवर्षांचा पालापाचोळा साचून ती तुंबली होती. पावसाचे पाणी बाहेर न पडता कौलांखालून भिंतीत मुरत होते. पन्हळ मोकळी झाली, फुटकी कौले बदलली. भिंतीचा गिलावा जिथवर तंतू दिसले त्याच्याही पलीकडे खरवडून काढला. मग बाबांनी जमिनीवर कोळशाने रेघ ओढली आणि म्हणाले, "इथून काप."

विश्रामने रेघ पाहिली. कुजलेला भाग संपून हातभर पुढे, धडधाकट लाकडावर ती ओढलेली होती. त्याने हातोडीने ठोकून पाहिले. खणखणीत आवाज आला.

"बाबा, इथे लाकूड शाबूत आहे."

"आहे. तिथेच काप."

त्याने कापले. करवतीखालून ताज्या लाकडाचा वास आला, आणि चांगले लाकूड वाया जाताना पाहून कारागिराला होते ते दुःख त्याला झाले. कापलेले सारे बाबांनी गावाबाहेर नेऊन जाळायला लावले, अगदी चांगल्या टोकांसकट. पलंगाची आणि पेटीचीही तीच गत झाली. बांगड्या तेवढ्या धुऊन पुसून व्यापाऱ्याच्या पत्नीने स्वतःपाशी ठेवल्या. उरलेल्या तुळयांना कडू तेलाचे हात दिले. आणि एवढे झाल्यावर, नव्या फळ्या अंगणात येऊन पडल्या असतानाही, बाबांनी त्या बसवू दिल्या नाहीत. जमीन तशीच उघडी, दार उघडे, खिडक्या उघड्या.

घरी परतताना विश्रामने अखेर विचारले.

"बाबा, त्या दिवशी तुम्ही हत्यारं आवरायला सांगितलीत. मग चांगलं लाकूड कापायला लावलंत. आता फळ्या असून बसवू देत नाही. मला यातलं काहीच उमगलं नाही."

बाबा रस्त्याकडेच्या दगडावर टेकले.

"तू लाकूड कोरडं पाहिलंस आणि सुकून मेलं म्हणालास. जुने सुतार या रोगाला कोरडी कूज म्हणतात खरं, पण ओलीशिवाय ती जन्माला येत नाही. एकदा रुजली की मग स्वतःचं पाणी स्वतः वाहून नेते. भिंतीतून जाते, दगडाच्या सांध्यातून जाते, आणि जिथे थेंबभर ओल नाही तिथल्या लाकडाला ओल पाजून ते खाते. तू बदललास तो तिचा शेवटचा घास होता. तिचं पाणी दुसऱ्या खोलीत होतं. ते तसंच ठेवून मी दालनात पुन्हा फळ्या ठोकल्या असत्या, तर त्या बाईच्या पायाखाली खोटं अंथरलं असतं. म्हणून निघालो. राग नव्हता त्यात."

"आणि चांगलं लाकूड?"

"तिचे धागे डोळ्यांना दिसतात त्याच्या पुढे गेलेले असतात. कूज दिसते तिथवरच कापणारा पुढच्या वर्षी पुन्हा कापायला येतो. आणि भिंत आतून वाळल्याशिवाय नवं लाकूड लावणं म्हणजे तिला जेवायला वाढणं."

विश्राम म्हणाला, "शेटजींनी खोली बंद केली, ती चूकच केली म्हणायची."

"ज्याचं मूल गेलं त्याची चूक काढायला मी कोण? मला लाकडाचं कळतं तेवढं सांगतो. कुलपानं कूज आणली नाही, पाण्यानं आणली. पण खोली उघडी असती तर कुणी झाडायला गेलं असतं, भिंतीला कुणाचा हात लागला असता, ओल आहे असं कुणीतरी म्हणालं असतं. कुलपामुळे ते कुणाला दिसलं नाही, आणि कुणी कुणाला म्हणालं नाही. इतकंच."

हिवाळा सरत आला तेव्हा भिंत वाळली. बाबांनी विश्रामला एकट्यालाच फळ्या बसवायला पाठवले.

तो वर गेला तेव्हा व्यापारी आणि त्याची पत्नी त्या खोलीत खिडकीपाशी, न कापलेल्या फळ्यांवर बसली होती. तिचा पाय एका चौरंगावर ठेवलेला होता.

"आपली भागू पावसाला घाबरायची," ती म्हणत होती. "ढग वाजला की माझ्या पदरात."

"छे! ढगाला घाबरायची, पावसाला नाही. पाऊस आला की याच खिडकीतून हात बाहेर काढायची. मी ओरडायचो."

"तुम्ही कधी ओरडलात तिच्यावर? उगाच काहीतरी."

व्यापारी हसला आणि हसता हसता त्याने उपरण्याने डोळे टिपले. विश्राम हत्यारांची पिशवी खाली न ठेवता दालनातच थांबला. त्यांचे बोलणे आपसूक थांबले तेव्हाच त्याने पहिली फळी उचलली.

काम पुरे झाल्यावर बाबा पाहायला आले. ते जमिनीवरून सावकाश चालले. भिंतीलगत त्यांच्या पायाखाली एक फळी किंचित हलली. व्यापाऱ्याच्याही ते ध्यानात आले.

"ही सैल राहिली का रे?"

"नाही, शेटजी," विश्राम म्हणाला. "ती मी मुद्दाम ठोकलेली नाही. दर पावसाळ्यानंतर ती उचला, खाली हात घाला, तुळई आणि भिंत चाचपून पाहा. हाताला थोडी जरी ओल लागली, तर मला बोलवा. दुरून बघू नका, हात घाला."

व्यापारी खाली बसला. त्याने ती फळी स्वतः उचलली आणि आतल्या अंधारात कोपरापर्यंत हात घातला. तुळईवरून, मग भिंतीवरून त्याचा तळवा फिरताना सर्वांना ऐकू येत होता.

"कोरडं आहे," तो म्हणाला.

"आज कोरडं आहे," विश्राम म्हणाला.

बाबांनी ते ऐकले. आणखी काही सांगायचे उरले नाही असे पाहून ते जिना उतरू लागले.