भिंतीपलीकडची खटखट

यंत्रावरचे माग अजून कुणी पाहिलेही नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. नदीकाठच्या एका गावात विणकरांची एक गल्ली होती. घराला घर लागलेलं आणि मधे एकच मातीची भिंत. दिवसभर गल्लीत मागांचा खटखटाट चाले. बाहेरगावचा पाहुणा आला की पहिले दोन दिवस कानात बोटं घालून फिरे.

या गल्लीचा एक नेम होता. अमावास्येला कुणी माग चालवायचा नाही. त्या दिवशी माग झाडायचा, पुसायचा, त्याच्यापुढे दिवा लावायचा आणि स्वस्थ बसायचं. जो नेम मोडेल त्याचा माग पंच उतरवून ठेवत आणि वर्षभर परत चढू देत नसत. पंचांची बैठकसुद्धा अमावास्येला भरत नसे, मग काम कितीही निकडीचं असो.

त्या गल्लीत एक विणकर होता. त्याचा कान भलता तिखट. ओट्यावर बसल्या बसल्या तो सांगे, कुणाच्या मागावर धागा तुटला, कुणाचा आडवा धागा नेणारा लाकडी धोटा घासला गेला. लोक वा वा करत आणि याची छाती फुगे. त्याच्या शेजारी एक म्हातारी एकटीच राहायची. वय सत्तरीच्या पुढे, पण साडीचा काठ असा विणायची की गिऱ्हाईक आधी तिच्या दारी जाई आणि मग याच्याकडे येई. हे त्याला मनातून बोचत असे. वरवर मात्र तो तिला काकू काकू करी.

एका अमावास्येला सकाळी गल्ली चिडीचूप होती. विणकर नुकताच दिव्याला हात जोडून उठला होता. तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला. खट. थोडं थांबून पुन्हा खट.

तो जागच्या जागी थबकला. भिंतीला कान लावला. लाकडाचाच आवाज होता, धोट्याचाच. त्याबद्दल त्याला तिळमात्र शंका आली नाही. काकू अमावास्येला विणत होती! त्याला धक्का बसला, हे खरं. पण खरं सांगायचं तर त्याला बरंही वाटलं. भिंतीशी घोंगडी टाकून तो ऐकत बसला.

त्याची बायको धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरायची. माग तिनं कधी चालवला नव्हता, पण जन्मभर त्याच आवाजात राहिलेली बाई होती. तीही थोडा वेळ ऐकत उभी राहिली.

"धोटा टाकला की मागोमाग धागा ठोकून बसवणाऱ्या फणीचा ठोका पडतो," ती म्हणाली. "तो कुठं ऐकू येतोय?"

"फणीला फडकं गुंडाळलं असेल. चोरून विणायचं म्हणजे तेवढी अक्कल हवीच."

"आणि मधेच इतका वेळ थांबते ती?"

"घाबरत घाबरत विणतेय. कानोसा घेतेय."

प्रत्येक प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर तयार होतं. बायकोचं समाधान काही झालं नाही. काकूंचा घसा आठ दिवस बसलाय, मी नुसती डोकावून येते, गरम भात देऊन येते, असं म्हणून तिनं ताटली उचलली. विणकरानं ती हातातून काढून घेतली. तू गेलीस की ती सावध होईल, माग आवरून ठेवील, आणि उद्या पंचांपुढे मी खोटा पडेन, असं त्यानं तिला बजावलं. बाई चुलीपाशी जाऊन बसली, पण तिला घास गेला नाही.

दुपारी त्यानं दोन पंचांना घरी बोलावून आणलं. दोघांनी आळीपाळीनं भिंतीला कान लावला. एक म्हणाला, धोटाच आहे. दुसरा म्हणाला, यात ऐकायचं ते काय राहिलं. तिच्या दारापर्यंत जाऊन पाहावं असं कुणाला सुचलं नाही, किंवा सुचलं तरी कुणी बोललं नाही. आज अमावास्या, बैठक उद्या, तोवर तिच्या उंबऱ्याला कुणी पाय लावायचा नाही, असं ठरवून ते गेले. पंचच इतकं ठामपणे बोलले, तेव्हा बायकोनंही तोंड मिटलं.

ऊन कलल्यावर आवाज हळू झाला. "दमली," विणकर म्हणाला. दिवेलागणीला एकदाच खट झालं, तेही अगदी पुसट. मग काही नाही. "संपवलं वाटतं काम," असं म्हणून तो जेवायला बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंच म्हातारीच्या दारी जमले. हाका मारल्या, आतून ओ आली नाही. विणकरानं दाराला हात लावला तर दार नुसतं लोटलेलं होतं. आतून कडीसुद्धा घातलेली नव्हती.

माग लख्ख झाडलेला होता. अर्ध्या विणलेल्या साडीवर धुतलेलं पातळ अंथरलं होतं आणि ताण्याच्या एका धाग्यालाही हात लागलेला नव्हता. खाली पाय सोडून बसायच्या खड्ड्यात म्हातारी पडलेली होती. दिवा लावायला गेली, तोल गेला आणि कमरेचं हाड मोडलं. तेलवात केलेला दिवा शेजारीच उपडा झाला होता. तिच्या मुठीत धोटा होता. विणकराच्या घराकडच्या भिंतीचा गिलावा, पडल्या पडल्या हात पोचेल तेवढ्या उंचीवर, ठोकून ठोकून ओंजळभर पडला होता.

तिच्यात अजून धुगधुगी होती. विणकर खड्ड्यात उतरला आणि त्यानं तिचं डोकं मांडीवर घेतलं. तिनं डोळे उघडले. आवाज इतका बसलेला होता की जे बोलली ते त्याच्याशिवाय कुणालाच ऐकू गेलं नाही.

"आलास का, बाळा? केव्हाची ठोकतेय. मग वाटलं, तुम्ही दोघं गावाला गेला असाल. घरात असतास तर धावत आला असतास."

विणकरानं तिच्या मुठीतला धोटा हळूच सोडवून घेतला. मग तो म्हणाला, "हो काकू. गावालाच गेलो होतो."

म्हातारीनं मान हलवली, जणू तिचं समाधान झालं. ऊन अंगणात यायच्या आत ती गेली.

नेम मोडणाऱ्याला काय शिक्षा करायची ते पंचांना ठाऊक होतं. या गुन्ह्याला मात्र त्यांच्याकडे शिक्षा नव्हती, आणि असती तरी ती द्यायला त्यांचंही तोंड नव्हतं. खाली माना घालून ते तिरडीची तयारी करायला लागले. काकू शेवटी काय बोलल्या, असं विणकराला त्याच्या बायकोनं त्या दिवशी विचारलं आणि पुढेही अनेकदा विचारलं. त्यानं मरेपर्यंत तिला सांगितलं नाही.

तात्पर्य: शेजारी कसला आवाज होतोय हे आपल्या घरात बसून ठरवू नये, उठावं आणि जाऊन बघावं.