आकडीने सोडलेला रेणू

रोग शोधायला डॉक्टरीणबाईंनी पाठवलेले डीएनएचे काही धागे एका पेशीत नव्यानेच राहायला आले. केसांतल्या आकड्यांसारखे दुमडून ते अंधारात बसून असत; उलगडले की मात्र इवलासा हिरवा उजेड देत. त्यांतलीच एक आकडी सगळ्यांत पुढे बसे.

रोगाचा एक रेणू तिथे लपला होता, लाखांत एकटा. डॉक्टरीणबाईंना तो वेळीच दिसला नाही, तर सगळं शरीर रोगाने पोखरणार होतं.

"सूनबाई, तुझ्या इवल्याशा उजेडाने कुणाला काय दिसणार?" पेशीतली जुनी कात्री, म्हणजे धागे कापणारं विकर, म्हणाली.

आकडी वाट बघत राहिली. एकदा रेणू चुकून तिला चिकटला. ती उलगडली, मिणमिणली, शेजारणीचा हात तिने घट्ट धरला आणि रेणूला सोडून दिलं.

"अगं, हाती लागलेला चोर सोडतेस?"

"हिंडू दे, आत्याबाई. मी धरून बसले, तर मी एकटीच पेटेन."

रेणू पळत सुटला. ज्या आकडीला शिवला ती उलगडली, शेजारणीला धरून पेटली, त्याला पुढे ढकलून मोकळी झाली. बघता बघता पेशी हिरवी लख्ख झाली.

"सापडला! आजच औषध सुरू करू," सूक्ष्मदर्शकावर वाकलेल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

कात्रीने डोळे चोळले. "एवढा उजेड त्या एकट्या मेल्याने पाडला?"

"त्याला आम्ही बसूच दिलं नाही, आत्याबाई."